संगोपनाची रजा आणि घरच्या आईचा मोबदला
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात तीर्थपुरी येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला भाषणासाठी जो विषय कळविला होता तो 'विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि पालकांचे कर्तव्य' असा होता. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरास त्या विषयावर झोपेतही बोलता येईल, आणि आपणांसही तो झोपेतच ऐकता येईल. म्हणून मी कार्यवाहांना विनंती करून विषय बदलून घेतला. विद्यार्थी दहावीला पहिला आला की आपण त्याच्या गळ्यात हार घालतो; परंतु तो जन्मला त्या दिवसापासून वर्षभर त्याच्या उशाशी कोण बसले होते, त्या बसण्यापायी त्या माणसाची किती मिळकत बुडाली आणि ती कोणी भरून दिली, हा प्रश्न आपल्या एकाही मेळाव्यात निघाल्याचे मला स्मरत नाही. आज तो काढावा अशी इच्छा आहे.

इच्छा होण्यास कारण घरातलेच घडले. आमची धाकटी कन्या एका शहरात खाजगी कचेरीत हिशेबनीस होती. त्या कचेरीच्या पटावर दहाहून अधिक माणसे होती आणि तिची नोकरी तीन वर्षांची झाली होती. सातवा महिना लागल्यावर मालकांनी तिला बोलावून अत्यंत गोड शब्दांत सांगितले, "ताई, आता तुम्ही घरी जाऊन विश्रांती घ्या. एक राजीनामा तेवढा लिहून ठेवा. पुढे जागा असली तर आम्ही बोलावूच." तिने तो राजीनामा स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून दिला. अक्षर मी घोटून घेतलेले होते, हे सांगताना आज अभिमान वाटत नाही. घरी आल्यावर तिने हे सांगितले तेव्हा मीही म्हणालो की मालक भले दिसतात, बरे झाले. बाळ चार महिन्यांचे झाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी, जो आता वकिली करतो, पेढे खावयास आला आणि त्याने सहज विचारले, "गुरुजी, ताईंचा सव्वीस आठवड्यांचा पगार जमा झाला का?" तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थच उमगला नाही.

अर्थ असा होता. प्रसूतिलाभाचा अखिल भारतीय कायदा १९६१ साली झाला. त्यात १२ आठवड्यांची भरपगारी रजा होती, ती २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे करण्यात आली. तिसऱ्यापासून १२ आठवडेच राहिली. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. रजेचे आठवडे मात्र तेच आहेत. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेली दुकाने व आस्थापना त्यात येतात. मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असले की हक्क उत्पन्न होतो. गरोदरपणाच्या रजेवर असताना स्त्रीस कामावरून काढता येत नाही. इतकेच काय, नेमणुकीच्या वेळीच हा हक्क तिला लेखी कळविण्याचे बंधन मालकावर आहे. हे सारे मला त्या दिवशी, वयाच्या सासष्टाव्या वर्षी, माझ्याच विद्यार्थ्याने शिकविले. काढून टाकणे कायद्याने मना आहे म्हणूनच तर राजीनामा लिहून घेतात. मुलगी आपल्या हाताने लिहिते, बाप 'बरे झाले' म्हणतो, आणि कायदा पुस्तकात शाबूत राहतो.

आता हा कायदा काही आकाशातून पडलेला नाही, आणि साहेबाने कृपा म्हणून दिलेलाही नाही. त्यामागे आपल्या मराठी माणसांची खटपट आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यात बाळंतपणापूर्वी व नंतर मिळून १२ आठवड्यांच्या विश्रांतीचा करार संमत झाला. त्या अधिवेशनास हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. परत आल्यावर त्यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी तसेच विधेयक मांडले, आणि १९२८ च्या जुलै महिन्यात त्यावर बोलावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. आईला बाळंतपणाआधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. सबब त्या खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने उचलावयास हवा. तथापि स्त्रियांच्या श्रमापासून मालकाला नफा होतो, म्हणून त्यालाही त्या भारातून सुटता येणार नाही. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला आणि कारखान्यांत काम करणाऱ्या बाळंतिणीस दिवसाला आठ आणे मिळू लागले. हिंदुस्थानातला या प्रकारचा तो पहिला कायदा होय. आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, त्यामुळे मुंबईचे ते आठ आणे गोदावरीच्या या तीरापर्यंत पोहोचले नाहीत, हा भाग निराळा.

बाबासाहेबांच्या त्या युक्तिवादातला पहिला भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आईची विश्रांती हे राष्ट्राचे हित असेल, तर ते हित केवळ गिरणीतल्या आईपुरते कसे राहील? ज्या आईला मालकच नाही, तिचे मूल राष्ट्राचे नव्हे काय? आणि बंधूंनो, आपल्या ज्ञातीत मालक असलेल्या आया कितीशा आहेत? आपला धंदा सुई-दोऱ्याचा. आपल्या बहुतेक घरांत ओसरीवर किंवा खिडकीशी शिवणयंत्र असते आणि त्यावर घरची बाई बसते. पोलकी, परकर, शाळेचे गणवेश, काजे-बटण, तुरपाई, फॉल लावणे. गिऱ्हाईक दारात येते, पैसे पुरुषाच्या हाती देते आणि जाते. ती कोणाच्या पटावर नाही. तिला रजा कोणी द्यावयाची?

याविषयी मी दुसऱ्याच्या घराचे उदाहरण देणार नाही. १९८६ सालच्या चैत्रात आमचे थोरले अपत्य झाले. वैशाखात लग्नसराई. चार वऱ्हाडांची पोलकी आमच्याकडे आलेली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तेराव्या दिवशी, आमच्या सौ. यंत्रावर बसल्या. पायाखाली पायटा आणि मांडीवर मूल. मी त्या वेळी नोकरीत कायम झालो होतो. मला ठरलेला पगार होता, उन्हाळ्याची सुटी तोंडावर होती आणि सुटीचाही पगार मिळणार होता. माझ्याच शाळेतल्या एक शिक्षिका त्याच महिन्यात बाळंत झाल्या व भरपगारी रजेवर गेल्या. त्यांच्या जागी त्यांचा वर्ग मी सांभाळला, आणि तसे करण्यात आपण काही मोठे औदार्य दाखवीत आहोत असे मला वाटत होते. संध्याकाळी घरी आल्यावर यंत्राचा खडखडाट ऐकू येई. मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसे. ज्येष्ठ लागेपर्यंत सौ.च्या अंगावरचे दूध आटले आणि पाठीचे दुखणे जे जडले ते आजतागायत आहे. त्या काळी कोणी विचारले की "वहिनी काय करतात?" तर मी उत्तर देई, "काही नाही, घरीच असतात."

हे उत्तर मी तोंडीच दिले असे नाही. सरकारी कागदावरही लिहिले. शिरगणतीचे काम शिक्षकांकडे असते हे आपणांस ठाऊक आहेच. २००१ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो आणि आमची आळी माझ्याच वाटणीला आली होती. कामाविषयीच्या रकान्यांत घरच्या धंद्यात केलेले कामही काम म्हणून धरावे, असे आम्हांला प्रशिक्षणात बजावून सांगितले होते. मी घरोघर गेलो. पुरुषाला विचारले, "बाई काय करते?" तो म्हणाला, "काही नाही, घरकाम." मी तसे लिहिले. मागे यंत्र चालूच असे. आणि अखेरीस माझ्या स्वतःच्या घराची नोंद करताना, कोणासही न विचारता, पत्नीच्या नावापुढे मी 'काम करीत नाही' असे लिहून पुढे 'घरकाम' असा संकेतांक घातला. काम न करणाऱ्यांच्या त्या यादीत विद्यार्थी, परावलंबी, पेन्शनर, भिकारी असे वर्ग होते. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालपत्रात, गृहिणींना भिकारी व कैद्यांच्या पंक्तीला बसविणाऱ्या या वर्गवारीविषयी नापसंती व्यक्त केली. न्यायमूर्तींचा तो ठपका दिल्लीच्या कचेरीवर होता. पण वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना मला माझेच अक्षर दिसले.

न्यायालयाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक चमत्कार ऐकवितो. घरच्या आईच्या श्रमाचे मोल ठरविता येत नाही, असे आपण म्हणतो. परंतु न्यायालये ते नित्य ठरवितात. फक्त ती बाई आधी मेलेली असावी लागते. १९८९ साली जमशेदपूर येथे एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले दगावली. भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा नोकरी न करणाऱ्या गृहिणींच्या सेवेचे मोल २००१ च्या निकालात महिना ३००० रुपये धरण्यात आले. मोटार अपघाताच्या दाव्यांत तर असे हिशेब सर्रास होतात, आणि २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचे मानीव उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमाला दिलेली मान्यताच आहे, अशा आशयाचे विवेचन केले. अपघातानंतर जो हिशेब बिनतक्रार मांडला जातो, तो ती जिवंत असताना, मांडीवर मूल असताना, आपल्याला मांडता येत नाही!

दुसरा दाखला रोजगार हमीचा. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात जी योजना उभारली तिच्या धर्तीवर २००५ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात अशी तरतूद होती की कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांपैकी एका स्त्रीला ती मुले सांभाळावयास नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. म्हणजे मूल सांभाळणे हे खडी फोडण्याच्या तोडीचे काम आहे, हे सरकारने कायद्यात लिहून ठेवले होते. अट इतकीच की सांभाळायची मुले दुसऱ्यांची असावीत. स्वतःचे मूल स्वतःच्या घरी सांभाळले की त्याच श्रमाची किंमत शून्य. हा भेद कोणत्या गणिताने करावयाचा? मी तर अंकगणितच शिकवीत असे. मला तो सुटत नाही.

आपले पूर्वज या बाबतीत अगदीच अजाण नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही, पाण्यात हात घालायचा नाही, डिंकाचे लाडू, बाळंतकाढा, शेकशेगडी. याला आपण रूढी म्हणतो. सोयराचा विटाळ म्हणून त्यातल्या काही भागाची आज थट्टाही होते, व विटाळाची कल्पना थट्टेलाच पात्र आहे. पण बारकाईने पाहिले तर ती सव्वा महिन्याची रजाच होती. सासर तिला कामावर बोलावू शकत नसे, कारण आड धर्म उभा होता. या रजेचा खर्च करी तो मुलीचा बाप. ज्याच्या पदरी काही नाही त्याच्या लेकीला ही रजाही अर्धीच मिळे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला माहेरची वाट बंदच होई. आज माहेरची माणसेही पोटामागे गावोगाव पांगली आहेत. रूढी गेली, तिच्या जागी कायदा यावयाचा तो सर्वांपर्यंत आला नाही.

तो कोणापर्यंत आला नाही हे पाहावयास आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या या भागात उसाचे फड आहेत, साखर कारखाना आहे. गाळप हंगाम सुरू झाला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर येतात, फडाशेजारी कोप्या पडतात. तिथे नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल घेतलेली असते ती जोडीच्या नावे. बाई बाळंत झाली म्हणून खाडा पडला तर तो जोडीच्या हिशेबातून वजा होतो. त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांच्या बाळाला उसाच्या पाचटावर, फडक्याच्या झोळीत ठेवून मोळ्या उचलणारी आई आपण सर्वांनी रस्त्याने जाताना पाहिलेली आहे. २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. त्यामागे अनेक कारणे सांगितली गेली. त्यांतले एक, पाळीच्या व दुखण्याच्या दिवसांचा खाडा परवडत नाही, हे ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. ही माणसे आपल्या ज्ञातीची नाहीत, मग इथे कशाला, असे कोणी म्हणू नये. त्यांच्या लुगड्यांना ठिगळे आपल्याच यंत्रांवर लागतात.

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेस किमान ६००० रुपयांचा लाभ लिहिला आहे. अन्यत्र तसा लाभ मिळणाऱ्या नोकरदार स्त्रिया तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. प्रत्यक्षात २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यास ५००० रुपये मिळतात. पुढे दुसरे अपत्य कन्या असल्यास ६००० देण्याचे ठरले. दुसरा मुलगा झाला तर काही नाही, जणू मुलगा झाल्यावर बाळंतिणीला भूक लागत नाही. या योजनेच्या उद्दिष्टातच बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई असे शब्द आहेत. ही भरपाई किती अंशतः आहे ते पाटीवर मांडू. कचेरीतल्या बाईला २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. ५००० ला १८२ ने भागा. दिवसाला साडेसत्तावीस रुपयांच्या आसपास येते. याच देशात तमिळनाडूची डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना १९८७ पासून चालू आहे, आणि ती रोख रक्कम व पोषणसाहित्य मिळून १८,००० रुपयांपर्यंत नेण्यात आली. म्हणजे हे अशक्य कोटीतले नव्हे.

आपल्या राज्यात २०२४ च्या जुलैपासून 'लाडकी बहीण' योजनेचे महिना १५०० रुपये येऊ लागले. आमच्या आळीतल्या बायकांनी त्या पैशातून मुलांची दप्तरे घेतली, कोणी यंत्राचे थकलेले हप्ते फेडले, हे मी पाहिले आहे. निवडणुकीच्या तोंडावर आली म्हणून त्या योजनेला नाके मुरडणाऱ्यांतला मी नव्हे. परंतु तिचे नाव पाहा. बहीण म्हणून भाऊ ओवाळणी घालतो. ओवाळणी ही भावाच्या मर्जीवर असते, मजुरी ही हिशेबावर असते. एकवीस ते पासष्ट वयाच्या पात्र स्त्रीला ती मिळते, मग तिच्या मांडीवर मूल असो वा नसो. तान्ह्या मुलापायी बुडालेल्या मिळकतीशी तिचा संबंध जोडलेला नाही. २०२३ ची 'लेक लाडकी' योजना मुलीच्या जन्मापासून टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये देते, पण त्यातले ७५ हजार ती अठरा वर्षांची झाल्यावर. पहिल्या वर्षी, जेव्हा आई यंत्रावर बसू शकत नाही, तेव्हा हाती येतात ५०००.

आता मला पुरुषांकडे वळू द्या. सभागृहाच्या या बाजूला बसलेली मंडळी आतापर्यंत निश्चिंत दिसत आहेत. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास बायको बाळंत झाल्यावर १५ दिवसांची रजा आहे. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. स्वीडन देशाने १९७४ साली आईची रजा मोडून ती 'आईबापांची रजा' केली. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवस मिळतात आणि त्यांतले ९० दिवस एकेका पालकासाठी राखीव असतात. बापाने ते घेतले नाहीत तर बुडतात, आईला देता येत नाहीत. आपल्याकडे कोणी हसेल. पण आपण तर नामदेवरायांचे नाव सांगणारे लोक आहोत. त्याच घरची जनाबाई, आपल्या गोदाकाठच्या गंगाखेडची. तिच्याबरोबर जाते ओढावयास साक्षात पांडुरंग बसत असे, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि टाळ्या वाजवितो. देवाला जात्याचा खुंटा धरण्यात कमीपणा वाटला नाही, तो भक्ताला वाटतो. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकामास स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते व पुरुष ९७, असे आढळले. आणि हे सत्त्याण्णवही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचेच. बाकीच्यांची गणती त्यात नाही. १९८६ च्या वैशाखात माझी झाली नसती.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो आमच्या कन्येनेच घेतला. ती म्हणाली, "बाबा, घरी बसणाऱ्या आईला पैसे द्या म्हणजे काय होईल ठाऊक आहे? सासरचे म्हणतील, पैसे मिळताहेत ना, मग नोकरी कशाला? आम्हांला शिकवून पुन्हा चुलीपाशी बसवाल." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. नॉर्वेने १९९८ साली, पाळणाघरात न घातलेल्या लहान मुलांच्या पालकांना रोख रक्कम देण्यास सुरुवात केली. स्वीडनने २००८ साली तसेच केले आणि २०१६ साली ते बंद केले, कारण त्यामुळे स्त्रिया, विशेषतः गरीब घरच्या, कामधंद्यापासून दूर राहतात अशी टीका होत होती. २६ आठवड्यांचा सगळा पगार एकट्या मालकावर पडतो म्हणून लहान कचेऱ्या तरुण विवाहितेस कामावर घेण्यासच कचरतात, हेही खरे आहे. आमच्या कन्येचा राजीनामा हे त्याचेच फळ नव्हे काय? म्हणून मला असे वाटते की मदत मुलाच्या अगदी पहिल्या काळापुरती असावी. ती आई म्हणून नव्हे तर जो घरी थांबेल त्याला द्यावी, मग तो बाप असो. तिचा मोठा भाग बाबासाहेबांनी म्हटल्याप्रमाणे सरकारच्या तिजोरीतून यावा. आणि ती संपते तिथे पाळणाघर सुरू व्हावे. कायदा ५० माणसांच्या आस्थापनेस पाळणाघराची सक्ती करतो. आपल्या आळीत पन्नास यंत्रे आहेत, पण ती पन्नास घरांत आहेत, म्हणून सक्ती कोणावरच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी अंगणात बालवाड्या भरविल्या. आपल्या आळीत एक ओसरी त्यासाठी मोकळी होऊ नये, इतकी आपली घरे लहान नाहीत.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हाती जे आहे ते मी कार्यकारी मंडळापुढे सूचना म्हणून ठेवतो. आपला शिक्षणनिधी आहे तद्वत् एक संगोपननिधी असावा. ज्या ज्ञातिघरात नोकरीचा पगार नाही व घरधंद्यावर किंवा मजुरीवर चरितार्थ आहे, अशा घरी मूल झाल्यास पहिले सहा महिने, जो पालक काम थांबवून घरी राहील त्याच्या हाती दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. अर्ज एका पानाचा असावा. छायाचित्र काढू नये, व्यासपीठावर बोलावू नये. या गावात आणि आसपास आपल्या घरांत वर्षाकाठी बाळंतपणे ती किती? बोटांवर मोजण्याइतकी. पैसा कोठून आणावयाचा असे विचाराल, तर आजच्या सत्काराच्या शाली मोजा. माझ्या कपाटात अशा अकरा शाली आहेत. तीर्थपुरीच्या उन्हाळ्यात त्यांचा उपयोग मला अद्याप सापडलेला नाही. स्मरणिकेची रंगीत पाने चार कमी केली तरी दोन घरांचे सहा महिने निघतील असा माझा अंदाज आहे. कोषाध्यक्षांनी तो तपासून पाहावा.

दुसरी विनंती तरुणांना. १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख धरून होणाऱ्या जनगणनेत प्रगणक दारात येईल तेव्हा त्याला ओसरीवरूनच वाटेला लावू नका. यंत्रावर बसणाऱ्या बाईला पुढे बोलवा आणि तिचे काम तिच्याच तोंडून सांगू द्या. प्रगणक मास्तर असेल आणि घाईत असेल. मी मास्तरांना ओळखतो. त्याला चहा द्या, पण रकाना नीट भरून घ्या. आणि ज्यांच्या लेकी-सुना नोकरीत आहेत त्यांनी सातव्या महिन्यात कोणताही कागद लिहून देण्यापूर्वी निदान एकदा विचारावे. कायद्याची माहिती देणारे आपल्या ज्ञातीतच तीन वकील आहेत. माझा विद्यार्थी त्यांत नाही, तरी तोही सांगेल.

संगोपननिधीसाठी माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम मी आज सकाळी कोषाध्यक्षांच्या स्वाधीन केली आहे. पावती त्यांनी सवयीने माझ्या नावे लिहावयास घेतली होती, ती मी थांबविली. ती आमच्या सौ.च्या नावे करावी, आणि व्यवसायाच्या रकान्यात 'शिवणकाम' असे लिहावे.